हिटरचे गुरुवार

चाकणच्या बसथांब्यावर थंडीत बायका ओळखू येत नाहीत. कानटोपी, वरून स्कार्फ, अंगात नवऱ्याचं नाहीतर पोराचं जर्किन आणि हातात डबा. पहिल्या शिफ्टच्या आम्ही दहाबारा जणी नुसती गाठोडी होऊन उभ्या असतो. पलीकडे रिक्षावाले पुठ्ठे पेटवून शेकत बसतात. परवा तशीच उभी होते आणि मोबाईल वाजला. मंदारने फोटो पाठवला होता. फिकट निळी जुनी गाडी, मागे घाटातलं धुकं, खाली दोन ओळी: 'ताई, बाहेर हाडं गोठतायत, आत हिटर मस्त चालतोय. दादांची आठवण आली.' कंपनीची बस आली, दार उघडलं, बंद झालं आणि गेलीसुद्धा. मी आपली फोटोच बघत उभी. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझी बस अशी कधी चुकली नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुधाकर. दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान होतं. गेल्या फाल्गुनात तो गेला. आतड्याचा कॅन्सर. हे मी आता सरळ लिहू शकते, बोलायला मात्र अजून जमत नाही. कुणी विचारलं की 'आजारी होता' एवढंच म्हणते आणि विषय बदलते. लोकांना पाऊस आला की माणसं आठवतात म्हणे. मला थंडी पडली की भाऊ आठवतो आणि त्याच्याबरोबर एक हिटर आठवतो. हसू येईल कुणालाही, पण आहे हे असं आहे.

पुण्याच्या गाडीत हिटर म्हणजे टकल्याला कंगवा. आपल्याकडे थंडी असते ती किती? दीडदोन महिने, तीही सकाळची. पण ती गाडी विलायती, साठएक वर्षांपूर्वीची. थंड मुलखात जन्मलेली, म्हणून येताना हिटर पोटात घेऊनच आलेली. रचना अगदी साधी. इंजिनचं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि मागून पंख्याने वारा सोडायचा, की झालं. डॅशबोर्डवर दोनच गोष्टी. एक दांडी, ती सरकवली की तारेने ओढून गरम पाण्याची तोटी उघडते. आणि एक बटण, पंख्याचं. आपल्याकडे अशा गाड्यांचे हिटर थोड्याच दिवसांत कापले जायचे. मेकॅनिक पाण्याचा पाइप परस्पर जोडून टाकायचे, तार पकडीने तोडायचे, पंख्याची वायर दुसऱ्या कामाला लावायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. दांडी आणि बटण तेवढं शोभेला राहायचं.

मंदार वाकडला राहतो, आयटीत आहे. गाडी त्याच्या वडिलांची, ते डॉक्टर होते. वडील गेल्यावर त्याने ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. इंजिनचं आणि रंगाचं काम दुसरीकडे करून घेतलं आणि वायरिंगला गाडी दादाकडे आणली. दिवाळीच्या थोडं आधी. तेव्हा दादाचे दोन किमो झाले होते. हिटरच्या पंख्याची मोटर त्याने स्वतः खोलली, कार्बन बदलले, टेबलावर बॅटरी लावून फिरवून पाहिली. मग थंडी पडली आणि दादाचे हात गेले.

गेले म्हणजे दिसायला होते तसेच होते. पण त्या औषधाचा असा काही गुण आहे की थंड वस्तूला बोट लागलं की झिणझिण्या उठतात, हात झटक्यासरशी मागे येतो. पेला धरवेना. नळाखाली हात धरवेना. पान्हा, पक्कड, गाडीचा पत्रा तर लांबच राहिला. दादाचा स्वभाव मुळात चेष्टेखोर. म्हणाला, "पस्तीस वर्षं बारा व्होल्टच्या गाड्या हाताळल्या, कधी करंट लागला नाही. आता बघ, पाण्याचा तांब्या शॉक देतो." मी हसले. वहिनी हसली नाही. ती तांब्या उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मंदार समजूतदार मुलगा. म्हणाला, दादा, हिटर राहू द्या, बाकीचं मी कुणाकडून तरी करून घेतो. ऐकलं असतं तर तो दादा कसला. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. घेतलेली गाडी अर्धवट परत पाठवायची नाही, हा त्याचा नेम. ही शेवटची, म्हणाला, ही झाली की शटर खाली. आणि मला फोन केला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना रविवारी सुट्टी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी काय करतेस, त्याने विचारलं. मी म्हटलं, धुणं.

"ते राहू दे," म्हणाला. "इकडे ये. हात घेऊन ये."

हात घेऊन गेले. आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनतात, त्याला हार्नेस म्हणतात. मोठाल्या फळीवर खुंट्या मारलेल्या असतात, त्यांवरून रंगीबेरंगी वायरी ठरलेल्या वाटेने न्यायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. एक झाला की दुसरा. चोवीस वर्षं मी हे करते आहे, पण त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला दिवा लागतो की पंखा फिरतो, ते मला ठाऊक नव्हतं. जुडगा पेटीत जायचा, पेटी ट्रकमध्ये. दादाच्या दुकानात, सीट काढलेल्या त्या गाडीत पोत्यावर उताणी पडून, मोबाईलचा उजेड वर मारून मी पहिल्यांदा गाडीच्या पोटात पाहिलं. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं गल्लीतल्या दोघीतिघींनी वहिनीला विचारलं म्हणे. वहिनीने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या गुरुवारांचा वास अजून नाकात आहे. सोल्डर वितळल्याचा, जुन्या रेक्झिनचा, आणि शेजारच्या घरातून येणारा वांगी भाजल्याचा. सकाळी दुकानाचा पत्रा इतका गार असायचा की आतल्या बाजूने पाणी सुटायचं. दादा स्टुलावर. डोक्याला मफलर, अंगावर शाल, हातांत वहिनीने विणलेले लोकरीचे हातमोजे. त्याचा चहा काचेच्या कपात, तोही मोज्यांच्या दोन्ही तळव्यांत धरून. रेल्वे गेली की फळीवरचे स्क्रूचे डबे वाजायचे. दुपारी ऊन दारातून एकेक फरशी आत सरकायचं, तसं तो स्टूल सरकवायचा. मी खालून विचारायची आणि तो वरून सांगायचा. हिरवी कुठे जाते बघ. हिरवीवर पिवळी रेघ आहे का. अगं, ती नव्हे. लहानपणी बार्शीला त्याने मला सायकल शिकवली तेव्हाही असाच करवादायचा. मी म्हटलं, किमो घेणाऱ्या माणसाने एवढं ओरडू नये. म्हणाला, किमो आतड्याला दिलाय, घशाला नाही.

दिवे, हॉर्न, वायपर दोन गुरुवारांत उरकले. तिसऱ्या गुरुवारी हिटरच्या बटणामागे हाताला एक गोळा लागला. काळ्या टेपचा, वाळून कडक झालेला. मी तो सोलायला लागले आणि थांबले. आमच्या फळीवर टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची हे ठरलेलं असतं, बोटांना त्याची सवय झालेली असते. ही टेप उलटी सुटत होती. मी सहज म्हणाले, दादा, हे कुणा डावखुऱ्याने गुंडाळलंय. डोकं बाहेर काढून पाहिलं, तर दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला होता.

"मीच तो," म्हणाला.

हळूहळू त्याला आठवत गेलं. दुकान नवंनवं होतं. गाडीचा रंग तेव्हा पांढरा, म्हणून आता ओळखू आली नाही. डॉक्टरांना गाडीत टेपरेकॉर्डर बसवून हवा होता. त्याला नवी वायर ओढायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. हिटरची हिरवी वायर हाताशी होती, ती तोडून टेपरेकॉर्डरला दिली. दांडीची तार मध्ये येत होती, तीही तोडली. पुण्यात हिटर कुणाला लागतो? डॉक्टरांना सांगितलंसुद्धा नाही. "सगळेच करायचे गं," तो म्हणाला, आणि जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाला. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

मंदार आला तेव्हा दादाने त्याला आपण होऊन हे सांगितलं. त्याला गंमतच वाटली. त्याची आई दम्याची होती. हिवाळ्यात पाचगणीहून परत येताना ती मागे शाल लपेटून कुडकुडायची, आणि डॉक्टर ती दांडी इकडून तिकडे सरकवत म्हणायचे, विलायती माल, आपल्या हवेला टिकत नाही. मंदार हे हसत हसत सांगत होता. दादा खाली बघत ऐकत होता. मंदार गेल्यावर म्हणाला की आता हे झालंच पाहिजे. नाहीतर मी मरतानासुद्धा ती बाई डोळ्यांपुढे कुडकुडत बसेल. मी त्याला गप्प केलं. मरण्याची भाषा करू नकोस म्हटलं. जणू मी भाषा बंद केली की मरण बंद होणार होतं.

माणूस कुठे काय तोडून ठेवतो आणि विसरून पुढे जातो, याचा मी तेव्हापासून फार विचार करते. दादाने वायर तोडली होती. मी तर भाऊच तोडला होता. पाच वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण लिहायची लाज वाटते. माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताला मामा हजर नव्हता. अंतरपाटापर्यंत नवरीला घेऊन जायचं ते मामाने, आणि आमचा मामा कुणाची तरी बंद पडलेली गाडी सुरू करत महामार्गावर आडवा. पाहुणे ताटकळले, शेवटी जावेच्या भावाने तिला नेलं. दादा आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. हात काळे, शर्टाला ग्रीस. चुकलं म्हणाला, सगळ्यांदेखत म्हणाला. मी तोंड फिरवलं, ते पाच वर्षं फिरवलं. भाऊबीजेला गेले नाही, राखी पोस्टानेसुद्धा पाठवली नाही. माझी मुलगी मात्र मामाशी फोनवर बोलायची, मला चोरून. आजार कळला तेव्हा धावत गेले. पण पाच वर्षांत गुरुवार किती असतात? मी कधी मोजले नाहीत. मोजवत नाहीत.

पौष लागला तशी थंडी वाढली. डॉक्टरांनी दादाचं औषध थांबवलं. का थांबवलं ते वहिनीला आणि मला माहीत होतं. दादाला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलं नाही. एका गुरुवारी वहिनीने मला दारातच अडवलं. म्हणाली, "वन्सं, हे फक्त गुरुवारी दाढी करतात. गुरुवारीच काय दोन घास खातात ते. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड." एवढंच बोलली आणि कामाला लागली. मी गाडीत शिरले, पण ते शब्द माझ्याबरोबर आत आले.

कारण काम संपत आलं होतं. दांडीपासून तोटीपर्यंत आम्ही स्कूटरच्या क्लचची तार ओढली होती, आणि ती बेस सरकत होती. तोडलेल्या हिरव्या वायरीच्या जागी नवी हिरवी घातली. राहिली फक्त पंख्याची काळी वायर, अर्थिंगची. ती गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळायची, म्हणजे आलेला करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. एकच पथ्य. रंगातून करंट जात नाही, म्हणून स्क्रूखालचा आणि भोकातला रंग आधी खरवडून पत्रा उघडा करायचा. नवं रंगकाम झालेल्या गाडीत तर हे पहिलं बघायचं असतं. मी रंग खरवडला नाही. होता तसाच ठेवला, वरून वायर बसवली आणि स्क्रू आवळला.

दादाने बटण फिरवायला सांगितलं. पंखा हलला नाही. त्याने विचारलं, अर्थिंग बघितलीस? मी म्हटलं, बघितली, घट्ट आहे. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं, स्विच खोल. तो गुरुवार स्विच साफ करण्यात गेला. पुढच्या गुरुवारी आम्ही फ्यूज बदलला, सगळ्या जोडण्या परत तपासल्या. त्याच आठवड्यात संक्रांत होऊन गेली होती. मी तिळगूळ दिला, गोड बोल म्हटलं. म्हणाला, तो पंखा फिरला की बोलतो.

दोन्ही संध्याकाळी बसमधून घरी येताना मी स्वतःला शिव्या घातल्या. आजारी माणसाला त्या गारठ्यात बसवून ठेवते आहेस, नंदे. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, दाढी केली होती ना त्याने? अर्धी भाकरी खाल्ली ना? कुणासाठी करत होते मी हे? त्याच्यासाठी म्हणावं तर तो थकत चालला होता. बोलताना धाप लागत होती, दुपारी स्टुलावरच डोळा लागायचा. माझ्यासाठीच करत होते. पाच वर्षांचं चुकवायला मला वेळ हवा होता आणि तो मी एका मरणाऱ्या माणसाकडून उकळत होते. हे कळत होतं, तरी पुढच्या गुरुवारी काय खोलायचं ते ठरवत होते.

त्या गुरुवारी दादा आपल्या पायांनी दुकानात आला नाही. वहिनीने आणि मी दोन्हीकडून धरून आणला. गाडीच्या पुढच्या सीट एव्हाना बसल्या होत्या, त्यातल्या डावीकडच्या सीटवर त्याला बसवला. मी सवयीने पान्हा घेऊन वाकले. म्हटलं, आज मोटर परत काढून बघू या.

"मोटर राहू दे," तो म्हणाला. "स्क्रूखालचा रंग खरवड."

वर बघायची हिंमत होईना. तशीच खाली बघत विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. चोवीस वर्षं वायरीत काढलेली बाई रंगावर अर्थिंग बसवेल होय?"

"मग बोलला का नाहीस?"

तो दाराबाहेर बघत होता. "मलाही हवे होते दोन गुरुवार. घेतले. आता बास कर, लई दमलो गं."

मी रडले. स्टिअरिंगखाली डोकं घालून रडले. त्याने मला रडू दिलं, ओरडला नाही की समजूत घातली नाही. मग मी पॉलिश पेपर घेतला आणि रंग घासला. तो निळा रंग जायला वेळच लागला नाही. खालून चकचकीत पत्रा वर आला. भोक साफ केलं, वायर बसवली, आवळली. वहिनीने दुकानाचं शटर पूर्ण वर केलं आणि मी गाडी चालू केली. पाणी तापेपर्यंत थांबावं लागतं. दहा मिनिटं आम्ही इंजिनचा आवाज ऐकत बसलो. मग दादा म्हणाला, सरकव. मी दांडी सरकवली, बटण फिरवलं.

पंखा घरघरला. आधी धूळ आली, कधीची कुणास ठाऊक, दोघांना ठसका लागला. मग गार वारा, आणि मग हळूहळू ऊब. दादाने दातांनी धरून एकेक हातमोजा काढला. किती दिवसांनी मी त्याची बोटं पाहत होते. नखं काळी पडली होती. त्याने दोन्ही हात पुढे करून त्या वाऱ्यात धरले. मी विचारलं, टोचतंय का? त्याने मान हलवली, नाही. वहिनी खिडकीशी येऊन उभी राहिली, तर म्हणाला, तू पण धर. तिनेही खिडकीतून हात आत घातला. रेल्वे गेली, डबे वाजले.

बऱ्याच वेळाने मी बटणाकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं. हात गरम होता.

"बंद मी करतो," म्हणाला.

आणि उघड्या बोटांनी त्याने बटण फिरवलं. पंखा लगेच थांबला नाही, दोनचार फेरे तसाच फिरत राहिला. तो पुरता थांबेपर्यंत दादाने बटणावरचा हात काढला नाही.